चटणीची बाजू

लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधली रविवारची दुपार. सुमित्राबाईंनी पानं वाढली. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे.

"अहो, चला ना, वरण निवतंय!"

विश्वनाथराव मागच्या व्हरांड्यात होते. ऑफिसात दिवसभर गणितच, आणि घरीही तेच! बांबूच्या काड्यांचा माणूसभर उंचीचा ठोकळा, त्यात दुसरा ठोकळा, कोपऱ्याला कोपरा दोऱ्यांनी बांधलेला. चार दिशांच्या घनाची ही नुसती सावली, असं ते सांगत. "कागदाचं डावं पाऊल जमिनीवर कितीही सरकव, उजवं होत नाही. उचलून पालथं घातलं की होतं. आपल्यालाही कुणी चौथ्या दिशेनं उचललं तर..."

"मोडा आधी ते भूत!" सुमित्राबाई रोज म्हणायच्या.

आज ते आतल्या ठोकळ्यात शिरून एक गाठ मारून आले. पानावर बसले आणि डावा हात पुढे केला.

"अगं, चटणी उलट्या बाजूला?"

सुमित्राबाईंचं डोकंच फिरलं. लग्न झाल्यापासून पान चुकलं नव्हतं त्यांचं! त्यांनी ताट गर्रकन फिरवलं, तर मीठ खाली आलं.

"तरी उलटंच," ते म्हणाले.

तेव्हा सुमित्राबाईंना दिसलं. डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर होता.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या अहिल्याबाई आल्या. "काहीतरीच तुझं! बिल्कुल तेच आहेत की."

बिल्कुल म्हणे! तो तीळ रोज मी बघते की ही बया? माझा माणूस मला होता तसा परत हवा! सुमित्राबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला फरफटत ठोकळ्यात नेलं. आत कानांना दडे बसले. क्षणभर पायाखाली जमीन नव्हती...

बाहेर येऊन त्यांनी मान खाली घालून नवं पान वाढलं. चटणी डावीकडे.

"अगं..." विश्वनाथराव हळूच म्हणाले, "चटणी उजवीकडे का?"

"अजून तेच?" त्या कडाडल्या. तीळही अजून उजव्याच गालावर!

"तुझंच खरं. या ठोकळ्यानं तुझं डोकं फिरवलंय. आत्ताच मोडतो." ते उठून गेले.

अहिल्याबाई डोळे बारीक करून बघत होत्या. "सुमित्रा, पदर उजव्या खांद्यावर कधीपासून घ्यायला लागलीस?"

सुमित्राबाईंनी पाहिलं. पदर डाव्याच खांद्यावर होता. मग भिंतीकडे नजर गेली. कॅलेंडरवरचे सगळे आकडे उलटे होते.

"अहो, मोडू नका! मी अजून..." त्या सवयीनं व्हरांड्याच्या दाराकडे धावल्या आणि भिंतीवर आपटल्या. दार तिथं नव्हतंच.

पाठीमागून काड्या मोडल्याचा आवाज येत होता.