अंगठ्याखालचा ठोका

मिरजेच्या त्या हृदयसंस्थेत तिसऱ्या मजल्यावर नऊ माणसं होती. त्यांतल्या एकालाही नाडी नव्हती, आणि नऊही जण चहा पाणचट आहे म्हणून कुरकुरत होते. नव्याने कामावर आलेल्या परिचारिकेला पहिल्या दिवशी घाम फुटायचा. मनगट धरावं तर ते मुकं, छातीला कान लावावा तर आत दूरच्या पिठाच्या गिरणीसारखी नुसती घरघर.

ही करामत प्रवाहहृदयाची होती. रुग्णाचं निकामी हृदय काढून त्या जागी बसवलेलं हे यंत्र धडधडत नसे. त्यातलं चक्र फिरत राही आणि रक्त नळाच्या पाण्यासारखं अखंड वाहत राही. ठोका नाही म्हणून झीज नाही, आणि झीज नाही म्हणून यंत्राला मरण नाही, असं ते घडवणाऱ्या डॉ. निशिगंधा पाटणकर अभिमानाने सांगत. अभिमान रास्तच होता. ते नऊ जण त्यांच्यामुळेच चहाला नावं ठेवायला उरले होते.

विभागाच्या प्रमुख परिचारिका रूथ लोंढे मात्र रोज पाळी सुरू झाली की प्रत्येकाचं मनगट हातात घेऊन चांगलं मिनिटभर उभ्या राहायच्या. नसलेली नाडी बघणारी सिस्टर म्हणून त्यांची थट्टा व्हायची. हा वेळ वाया जातो, अशी व्यवस्थापनाची सूचनाही एकदा आली. रूथबाईंनी त्या कागदावर चहाचा कप ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मनगटं धरली. कुणी सांगितलं म्हणून ऐकायचं, हा गुण त्यांच्यात जन्मजातच कमी होता.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्या मनगट अंगठ्याने दाबत.

नाडी बघताना अंगठा लावायचा नाही, हा परिचर्येचा अगदी पहिला धडा. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, आणि शिकाऊ मुली रुग्णाची म्हणून बिनदिक्कत स्वतःचीच मोजतात. या चुकीपायी रूथबाईंनी कितीतरी मुलींना वर्गात उभं केलं होतं. आता स्वतःच ती चूक त्या जाणूनबुजून करत होत्या, आणि त्याला कारण झाले होते दस्तगीर सतारमेकर.

दस्तगीरचाचांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सतारी घडत आलेल्या. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी अन्नच सोडलं. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "सिस्टर, आत काय बी वाजत न्हाई. मी मेलोय, आन् तुमी लोक मला सांगंना झालाय."

रूथबाईंनी तीन बोटं बाजूला घेतली आणि अंगठा त्यांच्या मनगटावर घट्ट टेकवला. "लागतंय का काही?"

चाचांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने त्यांचा चेहरा उजळला. "हाय की वो! बारीक हाय, पन हाय!"

"मग? मेलेल्या माणसाला नाडी असते होय? जेवा आता मुकाट्यानं."

ते चक्क खोटं होतं, पण त्या खोट्यावर चाचा दोन भाकऱ्या जेवले. मग बाकीच्या आठांना तरी वंचित का ठेवायचं? सगळ्यांनाच अंगठा मिळू लागला.

काही महिन्यांनी एका परिचारिकेने मलमपट्टी करताना चाचांच्या मनगटावर सहज तीन बोटं ठेवली आणि ती किंचाळलीच. नाडी लागत होती. मग दुसऱ्याचं मनगट पाहिलं, तिसऱ्याचं पाहिलं. नऊही जणांना नाडी आली होती. ठोक्याचा धक्का नसल्याने आतड्यांतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटायच्या आणि या रुग्णांना वारंवार रक्तस्राव व्हायचा, तोही थांबला. यंत्र आपणहून सुधारलं, असं डॉ. पाटणकरांना वाटलं आणि त्यांनी एका परिषदेत त्यावर भाषणही ठोकलं. रूथबाईंनी देवाचे आभार मानले आणि अंगठ्याचा नेम चालूच ठेवला.

आणि मग चाचांची तक्रार आली. "सिस्टर, ठेका चुकतोय. मधीच एक ठोका गिळतंय बगा."

दोन दिवसांत तीच तक्रार सगळ्या खाटांवरून आली. भर दुपारी डॉ. पाटणकर धावतच विभागात आल्या. तपासणी झाल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या सगळ्या यंत्रांच्या नियंत्रकांची स्मृती पुसायची. पुन्हा सपाट प्रवाह."

"आणि रक्तस्राव पुन्हा सुरू झाला म्हणजे?"

"ठोका चुकवणारं यंत्र मी माणसाच्या छातीत ठेवणार नाही, सिस्टर."

"मग मला या दारातून उचलून बाहेर टाका आणि नंतर काय ते पुसा," रूथबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. हल्ली जिना चढतानाही लागायची, पण कामाच्या धबडग्यात तिकडे बघतंय कोण?

डॉ. पाटणकर खुर्चीत बसल्या. रागावल्या असल्या तरी त्या विचार करणाऱ्या बाई होत्या. "ही यंत्रं वेगवेगळ्या वर्षांत घडवलेली आहेत. नऊ यंत्रं एकाच आठवड्यात एकच चूक कशी करतील? ती हे कुठूनतरी शिकलीत."

"शिकतात म्हणजे?"

"काही रुग्णांचं मूळ हृदय आम्ही काढत नाही. ते अर्धमेलं असलं तरी हलकासा ठोका देत असतं. तो ऐकायला मनगटाच्या कातडीखाली आम्ही तांदळाच्या दाण्याएवढा नाडीश्रावक बसवतो. त्याला ठोका सापडला की नियंत्रक ती शरीराची मागणी समजतो आणि प्रवाहाला तसा झोका देतो. रोज सापडला तर पाठच करतो. श्रावक सरसकट सगळ्यांनाच बसतो, पण या नऊ जणांचं हृदय आम्ही काढून टाकलंय. त्याला ठोका ऐकवणार कोण?" बोलता बोलता त्या थांबल्या. "सिस्टर, तुम्ही मनगट कसं धरता?"

रूथबाईंनी चाचांचा हात घेतला आणि शिकाऊ मुलीसारखी मान खाली घालून अंगठा टेकवून दाखवला.

डॉ. पाटणकरांनी रूथबाईंचं मनगट धरलं, रीतसर तीन बोटांनी, आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. एक ठोका चुकला. थोड्या वेळाने आणखी एक.

"सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "यंत्रं ठणठणीत आहेत."

तपासण्यांत उलगडा झाला. रूथबाईंच्या हृदयाचा स्नायू झपाट्याने दुबळा होत होता. प्रवाहहृदयाशिवाय गत्यंतर नव्हतं.

"यंत्रांची स्मृती तर आता पुसलीच पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "तो आजारी ठोका आहे."

"आजारी परवापासून झाला. त्याआधी कित्येक महिने धडधाकट होता. तेवढा ठेवा, नंतरचा पुसा. जमतं ना तुमच्या यंत्राला?"

"जमतं. पण सिस्टर, तो तुमचा ठोका आहे."

"होता. आता त्यांचा आहे. एकदा दिलेलं मी परत मागत नाही. तुम्हीही मागायचं नाही."

डॉ. पाटणकरांनी मान डोलावली. मात्र यंत्रांना पुन्हा कुणी काही शिकवू नये म्हणून विभागात ठळक पाटी लागली: मनगटाला हात लावण्यास सक्त मनाई. आणि रूथबाईंना त्यांनी खरं तेच सांगितलं. "तुमचं हृदय काढल्यावर तुमच्या श्रावकाला ऐकायला काही उरणार नाही. प्रवाह सपाटच राहील."

शस्त्रक्रियेनंतर रूथबाईंना जाग आली तेव्हा आतली घरघर सोडून सगळं शांत होतं. ती शांतता भयंकर होती. आजवर दुसऱ्यांना 'घाबरू नका' म्हणणं किती सोपं होतं! त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

पाटीखालून कुणीतरी पाय ओढत आत आलं. दस्तगीरचाचा होते. खाटेशी स्टूल ओढून ते बसले, रूथबाईंचं मनगट त्यांनी हातात घेतलं आणि सतारीचा पडदा चाचपावा तसा त्यावर अंगठा टेकवला.

ठोका आला. मग दुसरा. एकही चुकत नव्हता. आजारापूर्वीचा, रोज सकाळी या म्हाताऱ्याला दिलेला त्यांचा स्वतःचा ठोका बाहेरून आत येत होता, आणि कातडीखालचा दाणा तो ऐकत होता.

रूथबाईंनी डोळे पुसले. आवाज जमेल तेवढा कडक केला. "चाचा, नाडी बघताना अंगठा लावत नसतात."

"मग काडू व्हय?"

"काढून तर बघा!"