गोल तंबूचं दार

ही गोष्ट खरी आहे. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं, म्हणजे मधे तोंड वाकडं करायला नको.

सुलूवहिनी आमच्या समोरच्या दारात राहते, जेसल पार्कला. माहेर रत्नागिरीकडचं. खोटं बोलायला गेली की आधी स्वतःच हसते, अशी बाई. तिने मला हे सांगितलं तेव्हा हातातला चहा निवून गेला, पण तिने घोट घेतला नाही.

मागच्या वर्षी होळीच्या आधीचा शनिवार.

रात्र नव्हती. तिन्हीसांज होती. दिवा लावायची वेळ.

आणि जागा, भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या पुढे, मिठागराच्या कडेला.

तिथल्या भूपेशने आपल्या जुन्या मिठाच्या आगराचा थोडा भाग भरून कॅम्पिंग सुरू केलंय. शेकोटी, चिकन, आणि राहायला ते गोल तंबू. यर्ट म्हणतात त्याला. आत पलंग, गालिचा, सगळं थाटात. पण कोपरा एकही नाही. सगळीकडून सारखाच, आणि दार एकच.

वहिनीच्या मिनलने त्याची रील बघितली आणि हट्ट धरला. सहा वर्षांची मिनल. लग्नानंतर किती वर्षं वाट बघून, किती दवाखाने आणि किती नवस करून झालेली पोर. तिने हट्ट धरला की तिचे बाबा, दिपेशभाऊ, पाघळलेच.

पोचल्यापासून मिनलचा एकच खेळ. तंबूभोवती गोल गोल पळायचं, आणि एक बोट कापडावर घासत न्यायचं.

खस्स... खस्स... खस्स...

शेजारच्या तंबूतल्या बायका कौतुक करत होत्या. "कितनी प्यारी है!" कोणी गाल ओढतेय, कोणी फोटो काढतेय. पाच वाजेपर्यंत पोर किरकिरी झाली. अंग कोमट लागायला लागलं.

"दृष्ट लागली," सुलूवहिनी म्हणाली.

"अगं, ऊन लागलंय," दिपेशभाऊ म्हणाले.

पण आईचं मन ते. तिने पिशवी उलटीपालटी केली. मिरच्या होत्या, मोहरी होती, मॅगीसुद्धा होती. नेमकं मीठच घरी राहिलं होतं.

आता मिठागरात बसून मिठासाठी कोण अडतंय? समोर बांधावर पांढरेशुभ्र ढीग लागलेले. तिने ढिगातून मूठभर उचललं. मिनलला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. आल्यागेल्याची, भुताखेताची, इडा पिडा टळो, म्हणत उतरवलं.

घरी ती गॅसवर जाळते. इथे शेकोटी पेटली नव्हती. माहेरी चूल नसेल तर तिची आई वहाळाच्या वाहत्या पाण्यात सोडायची. म्हणून वहिनीने ती मूठ समोरच्या पाण्यात टाकली.

ते पाणी वाहत नव्हतं.

आगराचं पाणी होतं ते. साठवलेलं. मीठ धरायला ठेवलेलं.

मिनल मात्र लगेच उठली, हसली आणि पळायला लागली. वहिनी आत अंथरूण घालायला गेली. "बघा, उतरली की नाही?" असं नवऱ्याला ऐकवूनसुद्धा झालं.

बाहेर बोट घासत होतं. खस्स... खस्स...

दर फेरीला दाराच्या उजेडात मिनलचा पिवळा फ्रॉक चमकून जायचा.

खस्स... खस्स... फ्रॉक.

खस्स... खस्स... फ्रॉक.

खस्स... खस्स...

दार रिकामं.

आवाज दाराच्या एका बाजूला आला... आणि दुसऱ्या बाजूने पुढे चालू झाला. मधून कोणी गेलंच नाही.

"मिनू?"

आवाज थांबला.

वहिनी बाहेर आली. बाहेर कोणी नव्हतं.

"मिनल! लपाछपी नको हां आता!"

दिपेशभाऊ धावत आले. पलंगाखाली बघितलं, ब्लँकेटं झटकली, बाथरूम, गाडी, शेजारचे तंबू. भूपेश टॉर्च घेऊन गेटपर्यंत जाऊन आला. "वहिनी, टेन्शन नका घेऊ. गेट बंद आहे, कुठे जाणार?"

पुन्हा तंबू. पुन्हा पलंगाखाली. वहिनी एकच घोकत होती. देवा, माझी पोर दे. दुसरं काही मागत नाही.

आणि तेवढ्यात, तंबूच्या मागच्या बाजूने...

"आई... दार कुठंय?"

मिनलचाच आवाज! वहिनी मागे धावली. कोणी नाही. आवाज पुढच्या बाजूला.

"आई, दार सापडत नाहीये..."

"मी आले गं! तिथेच थांब! हलू नकोस!"

वहिनी एकीकडून धावली, दिपेशभाऊ दुसरीकडून. दोघं एकमेकांवर आदळले. मधे कोणी नव्हतं. कापडावर मात्र बोट घासत होतं, दोघांच्या डोळ्यांसमोर. कापड आत दबत होतं.

खस्स... खस्स...

गलका ऐकून भूपेशची आई, शांतीमावशी, स्वयंपाकाच्या शेडमधून आली. तिची नजर आधी जमिनीवर गेली. मिरच्या, मोहरी सांडलेली.

"बाय, पोरीवरना उतरवलास तू?"

"हो."

"मीठ कुठचा घेतलास?"

वहिनीने ढिगाकडे बोट दाखवलं.

"आन टाकलास कुठं?"

वहिनीने पाण्याकडे बघितलं.

"आगराचा मीठ आगरात परत न्हाय टाकायचा गो. पोरीवरना काढलेला तर न्हायच न्हाय. जा टाकशील ता आगर धरून ठेवतो."

"मग आता काय करू? सांगा ना मावशी, काय करू?"

"मना काय ठावं? आमचेत कोनी कदी टाकलाच न्हाय."

तिला खरंच ठाऊक नव्हतं. ती नुसती रडत होती.

आवाज आता तंबूपासून लांब जात होता. आगराकडे. "आई... दार..."

वहिनी पाण्यात उतरली. घोट्याएवढंच पाणी, पण खाली मिठाचे खडे काचेसारखे. ती गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तळ खरवडायला लागली. मूठ मूठ काढून ओढणीत भरत होती. हात कापले, वर मीठ चोळलं जात होतं, तिला भान नव्हतं. "माझं मला परत दे! चुकले मी! माझं मला दे!"

आणि मागून दिपेशभाऊ ओरडले.

"सुलू! मिळाली! आतच आहे!"

पलंगावर. ब्लँकेटमध्ये. जे ब्लँकेट तिघांनी झटकलं होतं. मिनल झोपलेली, अंग गार, ताप उतरलेला. वहिनीने तिला उराशी धरलं आणि हंबरडा फोडला. माझी बाय, माझी सोनू, मिळाली गं.

तेव्हाच, बाहेरून, लांबून...

"आई... दार कुठंय?"

दोघांनी ऐकलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मिनल वहिनीच्या मांडीवर होती, आणि तिचे ओठ मिटलेले होते.

"मागे बघू नकोस," दिपेशभाऊ म्हणाले. "आपली पोर आपल्या हातात आहे. गाडीत बस."

ती बसली. कुठलीही आई बसली असती, असं ती मला तीनदा म्हणाली.

मिनल छान आहे. शाळेत जाते, कविता म्हणते, माझ्याकडे खाऊ मागायला येते. डॉक्टर म्हणाले, एकदम फिट. दिपेशभाऊंसमोर तो विषय काढायची सोय नाही. भूपेशने तो तंबू काढून टाकला, एवढंच कळलं.

पण जूनमध्ये मिनल जिन्यावरून पडली. गुडघा फुटला, धाय मोकलून रडली. वहिनीने उचलून घेतलं, गालाचे पापे घेतले. आणि तशीच थांबली. पुन्हा ओठ टेकवले.

पोरीचे अश्रू अळणी होते.

नळाच्या पाण्यासारखे. मिठाचा कण नाही.

तेव्हापासून वहिनी रोज दिवेलागणीला घराचं दार सताड उघडं ठेवते. उंबऱ्यावर बसते, जिन्याकडे तोंड करून. डासांच्या नावाने बिल्डिंगवाले ओरडतात, तरी हलत नाही. विचारलं तर म्हणते, "तिला दार सापडायला हवं ना."

मी समोरच राहते. मला रोज दिसतं. काही वेळाने घरातून भिंतीवर बोट घासल्याचा आवाज येतो. खस्स... खस्स... मिनल चालत येते, आईच्या खांद्यावरून हात घालते, आणि दार लावून घेते.

"नको ना उघडं ठेवू, आई," म्हणते. "ती येईल."