चढाची सहल

बाबांच्या गुडघ्याचा व्यायाम पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यात चालायचा आणि मी खाली जिन्यापाशी त्यांची वाट बघत उभी राहायचे. त्या दिवशी अवेळी पाऊस आला. तिरका, थेट जिन्यापर्यंत. मी मागे सरकत सरकत एका दाराला टेकले, दार उघडलं, आणि मी एका सहलींच्या ऑफिसात उलटी शिरले.

"आमची गिऱ्हाइकं शक्यतो सरळ चालत येतात," टेबलामागचा माणूस म्हणाला. "पण हरकत नाही. बसा."

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. त्यामुळे माणूस भेटला की माझी नजर आधी दातांवर जाते. याचा पुढचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलेला होता. एरवी असा दात मी मनातल्या मनात सरळ करून टाकते. हा तसाच राहू दिला.

नुसतं बसणं बरं दिसेना. म्हटलं, "आम्हाला सहलीला जायचंय." हे काही अगदीच खोटं नव्हतं. डोंगरातल्या एका शहरात वसंतात रस्तेच्या रस्ते गुलाबी होतात, असं आईने कुठेतरी ऐकलं होतं आणि तेव्हापासून तिने आमचं डोकं खाल्लं होतं.

"कोण कोण येणार?"

"आई, बाबा, आत्या आणि मी. आईला फुलं हवीत. आत्याला वेगळी खोली हवी, कारण तिच्या मते आम्ही सगळे घोरतो. आणि बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"आणि तुम्हाला काय हवंय?"

सहलीच्या बाबतीत हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "विचार करून सांगते," मी म्हटलं. साहजिकच पुन्हा जावं लागलं.

"मला खिडकीची जागा हवी," मी पुढच्या खेपेला सांगितलं.

"एवढ्यावर भागेल?"

"सध्या तरी..." मी म्हटलं आणि उगाच पर्स उघडून आत बघत बसले.

तो त्याच शहरातला होता. तिथल्या माणसांना डावं-उजवं ठाऊकच नसावं, नुसतं वर आणि खाली. "तुमची छत्री वर राहिली," असं म्हणायचा आणि छत्री खिडकीजवळ जमिनीवर असायची. वर म्हणजे त्याच्या घराच्या दिशेला. आत्याने हे ऐकलं आणि त्याचं नाव ठेवलं, पहाडी. मग रोज जेवताना, "आज काय म्हणाला गं तुझा पहाडी?" त्यातला 'तुझा' हा शब्द ती चांगला ताणून म्हणायची.

एके दिवशी त्याने सगळा बेत आखून पुढे ठेवला. स्वारी खुशीत होती. "बाबांना एक पाऊलसुद्धा चढावं लागणार नाही! मुक्काम अगदी वरच्या टोकाला. बाग, बाजार, तळं, सगळं उतारावर. चालत खाली जायचं, गाडीने वर यायचं. आमच्या घरी पाहुणे आले की आम्ही असंच करतो. चढ आमच्या वाट्याला, उतार पाहुण्यांच्या."

बाबा तर हरखूनच गेले. मी तो कागद सहज म्हणून वर डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी कपाळाला हात लावला. "कोणी आखलंय हे? चढ एकवेळ चालेल. उतारावर सगळा भार गुडघ्यावर येतो. चार दिवस असे उतरले तर पाचव्या दिवशी यांना उचलून आणावं लागेल!"

मी तणतणत खाली आले आणि त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा एवढासा झाला. "लहानपणापासून आम्ही उतार म्हणजे आराम असंच समजत आलो," तो म्हणाला. "मी सगळं उलटं करतो." मग मलाच वाईट वाटलं. त्याने आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं ते आम्हाला देऊ केलं होतं.

त्याने खरोखरच सगळं उलटं केलं. मुक्काम खाली, फिरणं वरच्या दिशेने, येताना गाडी. एवढ्यावर तो थांबला नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून त्याने बाबांना त्याच इमारतीच्या जिन्यावर चढायला शिकवलं. पहाडी नियम एकच: चढताना बोलायचं नाही, थांबल्यावर बोलायचं. बाबांना तर बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यामुळे ते निमूट चढायचे आणि प्रत्येक वळणावर थांबून भरपूर बोलून घ्यायचे. गुडघा सुधारत गेला.

मग एका दुपारी त्याने साध्या आवाजात सांगितलं की तो ही नोकरी सोडतोय. दादा-वहिनींचं तिकडे गेस्ट हाऊस आहे, त्यांना हाताखाली माणूस हवा. आमच्या सहलीच्या आधीच तो जाणार होता. कायमचा.

त्यानंतर मी त्या बेतात खुसपटं काढायला लागले. खोलीला खिडक्या किती, गाडीचा ड्रायव्हर गाणी लावतो का, गाद्या मऊ की कडक. तो प्रत्येक गोष्टीसाठी तिकडे फोन करायचा आणि मला पुन्हा बोलवायचा. तोही काही घाईत नव्हता.

पण शेवटी त्या बेतात चूक अशी उरलीच नाही. त्याच्या शेवटच्या दिवशी मी कागद हातात धरून जिन्यापाशी उभी होते आणि मला रडू येत होतं. बाबा वर चढायला लागले होते.

"झालं मग," तो म्हणाला. "उद्या सकाळी निघतो. तुम्ही याल तेव्हा मी असेनच. तुमचे चारही दिवस."

"आणि नंतर?"

"नंतरचं... मला एकट्याला नाही ठरवता येत. तुम्ही राहाल का तिकडे?" कान लाल झाले होते, पण नजर त्याने हलवली नाही. "म्हणजे, माझ्याबरोबर."

हेच ऐकायला तर मी गाद्यांची चौकशी करत होते! आणि तोंडातून काय निघालं? "घर सोडून मी कशी येणार? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, बाबांचा गुडघा..."

"माझ्या गुडघ्याला मध्ये आणू नकोस!" वरच्या वळणावरून आवाज आला. बाबा थांबले होते, म्हणजे बोलायची मुभा होती. "ऑपरेशन माझं झालंय. घरी अडकून बसलीयेस तू. मला हाताला धरायला तुझी आई आहे, आणि आत्या तर नको म्हटलं तरी धरते." एवढं बोलून ते पुढे चढायला लागले. आता त्यांना काही विचारण्यात अर्थ नव्हता.

खाली आम्ही दोघंच. बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. माझी सगळी निमित्तं संपली होती आणि मला भीती वाटत होती, आनंदही होत होता.

"तुमच्याकडे लोकांचे दात पडतात ना?" मी विचारलं.

"पडतात की," तो गोंधळून म्हणाला.

"मग कवळ्या कोण करतं?"

"कोणीच नाही. खालच्या शहरातून मागवतात. तोवर लोक भात कालवून खातात..." तो मध्येच थांबला. त्याला कळलं होतं.

"सहलीचं आमचं चौघांचं जाणं-येणं तसंच राहू द्या," मी म्हटलं. "आईला एकटीला सामान आवरायचं नाही, आणि मला लॅबला रीतसर कळवावं लागेल. त्यानंतरचं माझं एक तिकीट काढा. फक्त जायचं."

त्याने पेन उचललं, पण काही लिहिलं नाही. माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मीही सोडवला नाही.