दीड फेरा

१९६० साली भिलाईत परदेशी इंजिनिअरांच्या बंगल्यांवर खिडकीत बसवलेली थंड हवेची मशिनं म्हणजे मोठी नवलाई होती. त्यांची गळती शोधणारा माणूस एकच, देवीदास. निदान तो स्वतः तसं समजायचा. साबणाचा घट्ट फेस करायचा, ब्रशनं एकेका जोडावर लावायचा, फुगा आला की समजायचं, गॅस इथून जातोय. नागपूरकडे रेल्वेत असताना तो हे शिकला होता.

मग हाताखाली चंपत आला. देवीदासनंच त्याला शिकवलं. वर्षभरात हा गडी फेस तयार व्हायच्या आत, नुसता जोडाला कान लावून गळती सांगू लागला, आणि बंगल्यांवरच्या मडमा दारातूनच "चंपत, चंपत" करू लागल्या. देवीदासच्या पोटात दुखू लागलं. त्यात हेड मेकॅनिकची एकच जागा निघाली. कोणाला द्यायची ते फोरमन मारोतराव शनिवारी बंगल्यांवरची कामं तपासून ठरवणार होते.

गुरुवारी चंपत एक मशीन दुरुस्त करून जेवायला गेला. देवीदासनं पान्हा उचलला आणि त्याच मशीनच्या जोडाचा नट दीड फेरा सैल केला. शनिवारपर्यंत गॅस उडून जाईल, मशीन गरम हवा फेकेल, फोरमनसमोर चंपतचं नाक कापलं जाईल. त्याला दुसरं काही नको होतं.

शुक्रवारी, ऐन मे महिन्यात, त्यानं बायकोकडे घोंगडी मागितली.

"कावून जी, ताप हाय का?" तुळसाबाईनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि झटकन काढून घेतला. "अंग त बरफावानी लागून राहिलं तुमचं."

शनिवारी पट्टा दोन भोकं आत घ्यावा लागला. आवाजही बारीक निघत होता. मारोतराव आणि चंपतबरोबर तो त्या बंगल्यात शिरला, तर मशीन गारेगार चालू.

नट मात्र सैलच होता. आटे उघडे दिसत होते. चंपतनं त्यावर फेस लावला. एकही फुगा येईना.

चंपतनं कान लावला, डोळे मिटले. "सुर्र आवाज येऊन राहिला," तो म्हणाला, "पन मशिनीतून नाही."

तो आवाजाच्या दिशेनं वळला आणि कान पुढे करत देवीदाससमोर येऊन थांबला.

चंपतच्या हातातल्या ब्रशवरचा फेस देवीदासच्या सदऱ्यावर ओघळला. छातीपाशी.

तिथं फुगा आला. हळूहळू लिंबाएवढा झाला.

देवीदासनं त्यावर पंजा दाबला. चंपतचा चेहरा पांढराफटक पडला. मारोतराव अजून नटाकडेच पाहत होते.

"हा नट कोनं ढिला ठेवला?"

सांगून टाकावं असं देवीदासला खरोखर वाटलं. पान्हा हाताशीच होता. दीड फेरा आवळायला कितीसा वेळ लागतो? पण मारोतरावांची नजर चंपतकडे वळली होती, कडक झाली होती, आणि ते पाहून त्याला फार बरं वाटलं.

"चंपतनंच आवळला नसन, साहेब." बोलताना पंज्याखालून गार हवा सुटली.

चंपत अजून त्या पंज्याकडेच पाहत होता.

"मंग सोमवारपासून हेड तुमीच," मारोतराव म्हणाले आणि त्यांनी देवीदासच्या पाठीवर थाप मारली.

थाप खोलीभर घुमली. गॅस संपलेलं सिलिंडर वाजतं, तशी.

चंपतचा हात सवयीनं खिशाकडे गेला, रिकाम्या सिलिंडरवर फुली मारायच्या खडूकडे.