डिशचा दुसरा डोळा

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. पण हा बिचारा दहावा ग्रह दुपारपासून दोन उपग्रहांपायी गच्चीवर होरपळत होता.

सासरे अंथरुणाला खिळलेले. उमेदीची वर्षं त्यांनी परदेशातल्या एका गोदीत काढली होती. तिथल्या भाषेतल्या बातम्या एकदा कानावर पडाव्यात, एवढंच त्यांचं मागणं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते, त्यामुळे जे करायचं ते आजच. ते चॅनल नेमकं दुसऱ्या उपग्रहावर. म्हणजे डिशसमोर दांडीवर बसवलेल्या जुन्या एलएनबीशेजारी दुसरा बसवायचा, एका डिशला दोन डोळे. दुकानदार म्हणाला होता, "डाव्या हाताचा मळ हो!" जावयाने आतापर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. दुसरा उपग्रह धरायला जावं तर पहिला सुटायचा. पहिला सांभाळावा तर दुसऱ्याचा पत्ता नाही.

गच्चीवरून टीव्ही दिसत नाही. म्हणून बायको टीव्हीपुढे आणि सासूबाई जिन्यात. बायकोने सांगायचं, सासूबाईंनी ते वर पोहोचवायचं.

"आलं का?"

"नाही आलं, जावईबापू."

"आता?"

"पहिलंही गेलं."

त्याला रडावंसं वाटत होतं. दिवस मावळला, पाना हातातून निसटायला लागला. खालून उत्तर येणंही थांबलं. ही डिश उचलून खाली फेकावी, असं मनात आलं आणि तेवढ्यात जिन्यातून हलकेच आवाज आला.

"उलट दिशेला फिरवा."

"आई, तिकडे समोरच्या इमारतीची भिंत आहे. तिकडून काय येणार, कपाळ?"

"फिरवा... अजून... थोडं खाली..."

बरं बाई, फिरवतो, म्हणजे एकदाची खात्री पटेल. त्याने वैतागून डिश भिंतीकडे वळवली. आणि डिशला जोडलेला सिग्नलचा मीटर, जो दिवसभर धड वाजला नव्हता, एकसारखा वाजायला लागला. जिन्यातून वर गार, कोंदट वास आला, बरीच वर्षं बंद असलेली खोली उघडावी तसा.

"आलं," आवाज म्हणाला. "आता हात लावू नका..."

तो खाली उतरला. जिन्यात कोणी नव्हतं. समोरचं दार उघडून सासूबाई बाहेरून आत येत होत्या, हातात औषधांची पिशवी.

"काय मेली गर्दी त्या दुकानात! हिला सांगून गेले होते, तुम्हाला सांगायचं राहिलं. झालं का तुमचं?"

तो तसाच आतल्या खोलीत गेला.

टीव्ही चालू होता, पण पडदा काळाठिक्कर, आवाजही नाही. सासरे उशीला टेकून त्या गोदीच्या भाषेत बोलत होते. मध्येच थांबायचे, ऐकायचे, मान डोलवायचे. पायथ्याशी चार वर्षांची नात बाहुलीला झोपवत होती.

"कधीचे असेच बोलतायत..." बायको कुजबुजली. "कोणाशी हो?"

त्याने पुढे होऊन डिशची वायर उपटली. सासरे ऐकतच होते. मग समाधानाने त्याच्याकडे वळले.

"चांगली माणसं आहेत. घरात कोण कोण असतं, विचारत होती. सगळ्यांची नावं सांगितली मी." त्यांनी पुन्हा कान दिला. "धाकटीचं नाव नीट ऐकू नाही गेलं म्हणतायत."

तो त्यांच्या तोंडावर हात ठेवायला धावला. तोवर त्यांनी नातीचं नाव सांगूनही टाकलं, सावकाश, अक्षर न् अक्षर.

पोरीने बाहुली खाली ठेवली आणि ओ दिली. आजोबांकडे नाही, टीव्हीकडे बघून.