चौदा नंबरचा खांब

शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं, तेव्हा ताईंनी डबा धुऊन पिशवीत ठेवला आणि पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसल्या. काम जेमतेम पंधरा मिनिटांचं होतं. एका जुन्या दवाखान्याच्या गच्चीवर पाण्याची मोठी टाकी बसवायची होती. तिचं ड्रॉइंग तयार होतं आणि ते संध्याकाळपर्यंत ठेकेदाराकडे जायला हवं होतं. सोमवारी सकाळी तो काम सुरू करणार होता.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात इमारतीतल्या जुन्या खांबांच्या मापांचा तक्ता होता. त्यातले आकडे एका वेगळ्या शीटमधून यायचे. शीट ड्रॉइंगला लिंकनं जोडलेली होती. तिकडे आकडा बदलला की इकडे आपसूक बदलायचा. आज ती लिंक तुटलेली दिसत होती. चौदा नंबरच्या खांबापुढे साडेचारशे मिलिमीटर असायला हवं होतं, तिथे तीनशे आलं होतं.

एकोणीस वर्षं ड्रॉइंगं काढणाऱ्या बाईला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. लिंक कुठून येते ते त्यांनी उघडून पाहिलं. पत्ता अण्णांच्या मशीनचा होता.

अण्णा म्हणजे ऑफिसचे मोजमापवाले. जुन्या इमारतींत शिरून भिंती, खांब, जिने मोजून आणायचे आणि आकडे स्वतः शीटमध्ये भरायचे. बारा वर्षं त्यांची खुर्ची ताईंच्या शेजारी होती. पाच महिन्यांपूर्वी ते गेले. मशीन पुसून कुणाला तरी देऊन टाकलं. म्हणजे लिंक ज्या पत्त्यावर जात होती, तिथे आता काहीच नव्हतं.

"हात्तिच्या," ताई स्वतःशीच म्हणाल्या. सर्व्हरवर शीटची प्रत होती. त्यांनी लिंकला तिचा पत्ता दिला आणि अपडेट केलं. साडेचारशे आलं. फाइल सेव्ह करून बंद केली, खात्रीसाठी पुन्हा उघडली.

तीनशे.

त्यांनी पुन्हा पत्ता पाहिला. तो परत अण्णांच्या मशीनचा झाला होता. मग त्यांनी माहीत होते ते सगळे उपाय केले. शीटला नवं नाव दिलं, कोऱ्या फाइलमध्ये तक्ता नव्यानं जोडला, मशीन बंद करून चालू केलं. दर वेळी पहिल्यांदा साडेचारशे यायचं आणि फाइल पुन्हा उघडली की तीनशे. बाकी बावीस खांबांचे आकडे मात्र जागच्या जागी, जसेच्या तसे.

त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब कुठल्याशा कार्यक्रमात होते, मागे गलका होता.

"लिंक तोडून टाका ना ताई. आकडा हातानं लिहा आणि पाठवा. टाकीच्या वजनाचं सबंध गणित साडेचारशे धरूनच केलंय."

"हो साहेब."

त्यांनी लिंक तोडली. आता तक्ता म्हणजे नुसती अक्षरं उरली, कशालाही न जोडलेली. चौदा नंबरपुढे त्यांनी स्वतःच्या हातानं साडेचारशे लिहिलं आणि चहाचा कप विसळायला गेल्या. ऑफिसात एसीची घरघर तेवढी होती. नळ बंद केला तेव्हा त्यांना वास आला. ओल्या चुन्याचा, बंद राहिलेल्या खोलीचा. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या चकचकीत ऑफिसात असला वास यायला काही जागाच नव्हती.

परत येऊन पाहतात तर तीनशे.

ताई उभ्याच राहिल्या. मग हळूच खुर्चीत टेकल्या, कारण एक गोष्ट त्यांना आठवली होती आणि ती आठवू नये म्हणून त्या गेला तासभर झटत होत्या.

अण्णांच्या शीटमध्ये चौदा नंबरचा रकाना रिकामा होता. अण्णा आजारी पडून इस्पितळात भरती झाले त्याच आठवड्यात साहेबांना गणितासाठी शीट हवी होती. ताईंनी ती सर्व्हरवर उतरवली, रिकामी जागा पाहिली, आणि वरचा तेरा नंबरचा आकडा माउसनं एक घर खाली ओढला. सगळे खांब साडेचारशेचे, मग हा कशाला वेगळा असेल? अर्ध्या सेकंदाचं काम. त्याबद्दल त्या कुणाला बोलल्या नव्हत्या.

त्यांनी अण्णांच्या घरी फोन केला. वहिनींनी उचलला.

"वहिनी, एक विचारू का? अण्णा शेवटी त्या जुन्या दवाखान्याच्या कामाबद्दल काही म्हणाले होते?"

"म्हणायचे ना. तळघरात परत जायचंय, एक माप राहिलंय. कपाटाच्या मागे आहे, त्या दिवशी कपाट हलेना. मी म्हटलं, आधी बरे व्हा, मग जा कुठे जायचं ते." त्यांचा आवाज थोडा ओला झाला. "मोजलं का हो कुणी नंतर?"

"नाही," ताई म्हणाल्या. "मीच जाते आता."

दवाखाना बसनं वीस मिनिटांवर. पोहोचल्या तेव्हा चार वाजले होते, बाहेर रखरखीत ऊन होतं. रखवालदारानं तळघराची किल्ली आणि बॅटरी दिली. स्वतः खाली यायला तो काही राजी नव्हता.

"दिवा गेलाय खालचा," तो म्हणाला. "कुणी जात नाही तिकडे. जुने कागद आहेत नुसते. लवकर या वर."

पायऱ्या उतरताना एकेक आवाज मागे पडत गेला. आधी रस्ता, मग वरच्या वॉर्डातली ढकलगाडी, शेवटी स्वतःच्या चपलांचाही आवाज दबका झाला. आणि तो वास. दुपारी ऑफिसात आला होता तोच, फक्त इथे तो मुरलेला होता.

चौदा नंबरचा खांब अगदी कोपऱ्यात होता. पुढून तो इतरांसारखाच, जाडजूड, गिलावा केलेला. मागे लोखंडी कपाट. ताईंनी खांदा लावला. कपाट कुरकुरत दीड हात सरकलं. त्यांनी बॅटरी आत धरली. मागच्या अंगाचा गिलावा पडला होता. आत विटांचे तुकडे भरले होते. कधीकाळी कुणीतरी बारीक खांबाला विटा चिकटवून, वरून गिलावा फासून तो इतरांसारखा जाड दाखवला होता. खरा खांब आत होता. त्याच्यावर, वरच्या तीन मजल्यांच्या डोक्यावर, ती टाकी येणार होती. आणि त्या तीन मजल्यांत खाटा होत्या.

बॅटरी त्यांनी कपाटावर ठेवली. पर्समधला टेप काढून आतल्या काँक्रीटवर आडवा धरला. खांबाच्या पलीकडे चार बोटांची फट आणि लगेच भिंत. टेपचं टोक पलीकडच्या कडेला एका झटक्यात बसलं, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. अंधारात एकटीला असलं माप घेणं म्हणजे कसरत असते. एका हातात टेप ताणून धरला, दुसऱ्या हातानं मोबाइलवर फोटो काढला.

तीनशे. ना एक कमी, ना एक जास्त.

"मोजलं हो अण्णा..." त्या पुटपुटल्या. "चुकलं माझं."

टेप गुंडाळून त्या अंधारातून परत निघाल्या. पण भीती अशी वाटली नाही. उलट कुणीतरी वडीलधारं माणूस शेजारी उभं असावं तसं वाटलं, आणि वर उन्हात येऊन फोटो साहेबांना पाठवेपर्यंत त्यांचे डोळे दोनदा भरून आले.

सोमवारी काम थांबलं. टाकी दुसऱ्या बाजूला घेतली, खांब मजबूत करायचं ठरलं. रकाना आपण भरला होता हे ताईंनी साहेबांना सरळ सांगितलं. साहेब रागावले, खूप बोलले. मोजायला जावंसं का वाटलं, एवढं मात्र ताईंनी सांगितलं नाही. ते त्यांचं आणि अण्णांचं होतं.

संध्याकाळी साहेब अहवालासाठी तो फोटो मोठ्या पडद्यावर लावून बसले होते. ताई दारातून जाताना त्यांनी हाक मारली.

"बरं केलंत ताई, सोबत कुणाला तरी नेलंत. टेप छान ताणलाय. कोण होतं?"

"कुणी नाही. एकटीच गेले होते."

"मग हे?"

साहेबांनी फोटो मोठा केला. खांबाच्या पलीकडच्या कडेला, भिंतीलगतच्या त्या चार बोटांच्या फटीतून एक अंगठा बाहेर आला होता. टेपचं टोक त्यानं काँक्रीटवर घट्ट दाबून धरलं होतं.

ताई पडद्याजवळ गेल्या. बारा वर्षं त्यांनी अण्णांचे हात शेजारच्या टेबलावर रोज पाहिले होते. जाड, आखूड बोटांचे, मुळापर्यंत नखं कापलेले हात.

हा अंगठा लांब होता. बारीक. आणि त्याचं नख कितीतरी दिवस कापलेलं नव्हतं.