रिंगणाच्या कडेवर

“ए, फुंकर मारू नकोस!”

भिंगरी दचकली. ओठांचा चंबू तसाच, हातात दुकानातली गेमची जुनी कॅसेट. समोर निथळती छत्री घेऊन एक चष्मेवाला मुलगा.

“थुंकीनं आतल्या पिना गंजतात,” तो म्हणाला.

“माझी कॅसेट, माझी थुंकी!”

“तुझी? अजून घेतली कुठे आहेस?”

अरे वा... स्वारीला जीभ होती तर!

कॅसेट होती ‘रिंगण’ची. इतर गेम्समधले पैलवान एका रेषेत पुढे-मागे सरकायचे, त्या काळात ‘रिंगण’नं त्यांना गोल मैदानात मोकळं सोडलं. पळा, घिरट्या घाला, एकमेकांना कडेवरून ढकला! तेव्हा तो कुणाला फारसा रुचला नाही, कंपनीही बुडाली. आणि आता? जुन्या गेम्सचे शौकीन त्याच्यासाठी जीव टाकतात.

“ही पहिल्या खेपेतली आहे,” चष्मेवाल्याचा आवाज एकदम हळवा झाला. “चित्रात पैलवानाची गदा डाव्या हातात आहे, बघ. छापताना उलटं झालं. नंतरच्या दोन्ही खेपांतल्या माझ्याकडे आहेत. हीच तेवढी मिळत नाही... किती दुकानं पालथी घातली!”

“तुला कपाटात ठेवायचीय. मला खेळायचीय.”

दुकानदारकाका वैतागले. कोपऱ्यातला टीव्ही आणि गेमचं मशीन लावत म्हणाले, “माझं डोकं नका खाऊ. तीन डाव खेळा. जिंकेल त्याची कॅसेट.”

पहिला डाव भिंगरीनं मारला. दुसरा त्यानं. दोनदा कडेवरून पडता पडता त्यानं अंगठ्याच्या एका झटक्यात कोलांटी घेतली होती. काय सफाई! भिंगरीचं लक्ष पडद्यावर कमी आणि त्या अंगठ्यावरच जास्त.

तिसऱ्या डावात तिनं त्याला पुन्हा कडेवर रेटलं. आता कोलांटी... पण अंगठा हललाच नाही. पैलवान धपकन खाली!

“घे बाई, तुझी झाली,” काका म्हणाले.

कॅसेट हातात आली. गुपचूप घरी निघून जावं की! पण भिंगरी कसली गप्प बसते?

“काका, डाव बाद! हा हरला नाही, झोपला. काय रे, मुद्दाम का हरलास?”

तो चष्मा पुसू लागला. “पहिला डाव जिंकल्यावर तू... हसलीस ना. म्हटलं, पुन्हा बघावं.”

भिंगरीचे कान तापले. पण मान खाली घालेल तर ती भिंगरी कसली!

“हसायला मला तुझी मेहेरबानी नकोय. खरा खेळ.”

आणि तो खरा खेळला. असा खेळला, की भिंगरीचा पैलवान भेलकांडत कडेबाहेर! कॅसेट गेली... आणि भिंगरी पोट धरून हसत सुटली.

“अगं, हरलीस तू!”

“हो ना! आणि मला तू आवडलास. खूपच.”

काकांना अचानक मागच्या खोलीत काम आठवलं.

चष्मेवाला लालेलाल. त्यानं कॅसेट उचलली, एकदा डोळे भरून पाहिली आणि तिच्या हातावर ठेवली.

“रविवारपर्यंत तुझ्याकडे राहू दे. सराव कर.”

“म्हणजे रविवारी मला तुझ्याकडे यावंच लागेल?”

“लागेल असं नाही...” तो पुटपुटला. “पण येशील?”

“तू मशीन लावून ठेव,” भिंगरी म्हणाली, आणि बाहेर पडताना त्याच्याच छत्रीत घुसली.